ब्रश उमटेना? आधी आजूबाजूला बघा

गिरगावातली चाळ पुनर्विकासात निघाली किंवा नायगावच्या बीडीडीतलं बिऱ्हाड दुसरीकडे हललं, की पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येतेच. तिच्यात काळ्या पानांचा अल्बम असतो, पानांमध्ये बटर पेपर आणि फोटोंच्या कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण असतात. शिवाय लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, गिरणीतल्या पगाराचे कागद. हे सगळं स्कॅन करून डिजिटल स्क्रॅपबुक करायचा बेत घरातलं कुणीतरी आखतं. फोटो बसतात, मजकूर बसतो आणि पानाला थोडी सजावट हवी म्हणून इंटरनेटवरून वेलबुट्टीचे, शाईच्या डागांचे, टपालाच्या शिक्क्यांचे फुकट ब्रश उतरवले जातात. गाडी अडते ती इथे. ब्रश यादीत दिसत नाही, दिसला तर उमटत नाही आणि उमटलाच तर भलत्याच रंगात.

अशा वेळी बहुतेक जण तो ब्रश काढून दुसरा उतरवतात. दुसराही तसाच वागतो, कारण दोष ब्रशात क्वचितच असतो. तो असतो लेयरमध्ये, सिलेक्शनमध्ये, फाइलच्या कलर मोडमध्ये किंवा पानाच्या मापात. म्हणून ब्रश बदलण्याआधी त्याच्या आजूबाजूला बघायचं आणि ठरावीक क्रमाने बघायचं. पुढचं विवेचन मुख्यतः फोटोशॉप धरून केलं आहे. फुकट मिळणारं गिंप आणि ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी जिथे वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे. मॅक वापरणाऱ्यांनी 'कंट्रोल'च्या जागी 'कमांड' आणि 'ऑल्ट'च्या जागी 'ऑप्शन' वाचावं. मेन्यूंची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, पण वागणूक तीच राहते.

ब्रश म्हणजे नेमकं काय

दिवाळीच्या सुमारास दादरच्या बाजारात रांगोळीचे जाळीचे छाप मिळतात. त्यात जिथे भोकं असतात तिथून रांगोळी पडते, जिथे नसतात तिथे पडत नाही. छापाला स्वतःचा रंग नसतो. हिरवी रांगोळी भरली तर हिरवं फूल, लाल भरली तर लाल. डिजिटल ब्रशचं टोक तंतोतंत असंच असतं. ते काळ्या-करड्या छटांचं एक चित्र असतं. त्यातला काळा भाग म्हणजे भोक, पांढरा म्हणजे बंद जागा आणि करडा म्हणजे बारीक भोक, जिथून रंग थोडाच झिरपतो. रंग येतो तो टूलबारच्या तळाशी असलेल्या फोरग्राउंड चौकोनातून.

पुढच्या निम्म्या तक्रारी याच एका गोष्टीतून सुटतात. अनेक रंगांचं चित्र एका ब्रशात मावत नाही, हेही यातूनच कळतं. रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला. तिथल्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि ते रंग एकावर एक छापून चित्र पुरं होई. तसंच ब्रशने दोन रंगांची पैठणी किनार करायची असेल, तर दोन ब्रश आणि दोन लेयर घ्या. तेवढा खटाटोप नको असेल, तर पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल सरळ पानावर ठेवा. गिंपमध्ये मात्र रंगीत ब्रशही असतात. ते फोरग्राउंडचा रंग जुमानत नाहीत, म्हणून 'रंग बदलतच नाही' अशी तक्रार तिथे ऐकू येते.

ब्रश यादीतच येत नाही

उतरवलेली फाइल बहुधा झिप असते. ती उघडून आत काय आहे ते आधी पाहा. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एबीआर' असेल, तर तो फोटोशॉपचा ब्रश. ब्रश पॅनेलच्या मेन्यूतून 'इम्पोर्ट ब्रशेस' निवडा, जुन्या आवृत्तीत 'लोड ब्रशेस'. शेवटी 'टीपीएल' असेल, तर तो टूल प्रीसेट असतो आणि ब्रशच्या यादीत कधीच दिसणार नाही. तो टूल प्रीसेट्सच्या पॅनेलमधून घ्यावा लागतो. आत नुसत्या पीएनजी किंवा जेपीजी फाइली निघाल्या, तर ब्रश तुम्हालाच बनवायचा आहे. त्याची रीत पुढे दिली आहे.

नव्या फोटोशॉपमध्ये ब्रश फोल्डरमध्ये जमा होतात आणि आयात केलेला संच बहुतेक वेळा यादीच्या तळाशी जातो. 'आलाच नाही' म्हणण्याआधी खाली सरकून बघा. नव्या आवृत्तीत केलेली एबीआर फाइल फार जुन्या आवृत्तीत उघडत नाही, तिथे आवृत्ती बदलण्यावाचून इलाज नाही.

गिंपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, फोल्डर्स, ब्रशेस या वाटेने गेलात, की ब्रश कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे ते दिसतं. त्यात फाइल टाका आणि ब्रश पॅनेलमधलं रिफ्रेशचं बटण दाबा. गिंप एबीआर फाइल वाचतं, पण छापाचा आकार तेवढा येतो. पेनाचा दाब, विखुरणं असे फोटोशॉपचे बारकावे सोबत येतीलच असं धरू नका. फोटोपीमध्ये एबीआर फाइल नेहमीच्या फाइलसारखी उघडली, की ब्रश यादीत जमा होतात.

कर्सर गेला कुठे?

गोल कर्सरच्या जागी बारीक अधिकचिन्ह दिसत असेल, तर कॅप्स लॉक चालू आहे. बंद केला की गोल परत येतो. कर्सर अजिबात दिसत नसेल, तर ब्रश एवढा मोठा झाला असेल की त्याची कड पडद्याबाहेर गेली, किंवा एवढा लहान की ठिपकाही दिसेना. चौकटी कंसाच्या दोन कळांनी माप कमी-जास्त होतं. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांची इथे एक खास अडचण असते. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला, तर डावा कंस म्हणजे 'ड'ची कळ होते आणि असे शॉर्टकट कधी कधी चालत नाहीत. मथळा लिहून झाला की कीबोर्ड इंग्रजीवर आणायची सवय लावा.

कर्सर आहे, पण काही उमटत नाही

सर्वांत जास्त वेळ खाणारी तक्रार हीच. पुढच्या क्रमाने तपासलं, तर दोन मिनिटांत निकाल लागतो.

१. कंट्रोल आणि डी दाबा. पानाच्या कोपऱ्यात एखादं चिमुकलं सिलेक्शन राहून गेलेलं असतं आणि ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो. कंट्रोल-एच दाबून सिलेक्शनची सरकती तुटक रेघ लपवली असेल, तर ते दिसतही नाही.

२. डी दाबा. फोरग्राउंड काळा, बॅकग्राउंड पांढरा होतो. पांढऱ्या कागदावर पांढरा रंग मारणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. एक्स दाबला की दोन्ही रंगांची अदलाबदल होते.

३. वरच्या पट्टीत मोड 'नॉर्मल' आहे का बघा. 'बिहाइंड' असेल, तर रंग फक्त रिकाम्या जागीच बसतो. 'क्लिअर' असेल, तर ब्रश रंगवण्याऐवजी पुसतो.

४. ओपॅसिटी आणि फ्लो दोन्ही १०० टक्के करा. ब्रश हातात असताना अंकांच्या कळा ओपॅसिटी बदलतात. चुकून १ दाबला गेला, तर ती १० टक्क्यांवर येते. शून्य दाबला, की पुन्हा १००.

५. लेयरवर कुलूप आहे का? तिरक्या रेघेची कळ चुकून दाबली गेली, तर 'पारदर्शक भाग बंद' हे कुलूप लागतं. लेयर रिकामा असेल, तर मग त्याच्यावर काहीच उमटत नाही, कारण तो सगळाच पारदर्शक असतो.

६. लेयर पॅनेलमध्ये चौकट कशाभोवती आहे, चित्राभोवती की मास्कभोवती? मास्कवर असाल, तर रंगाचे चौकोन करडे होतात आणि ब्रश रंगवण्याऐवजी चित्राचा भाग झाकतो किंवा उघडतो.

७. तुम्ही मजकुराच्या लेयरवर किंवा स्मार्ट ऑब्जेक्टवर आहात का? त्यांच्यावर थेट रंगवता येत नाही.

यातल्या पाचव्यापासून सातव्यापर्यंतच्या अडचणींवर एकच सवय पुरते. ब्रश मारण्याआधी दर वेळी नवा लेयर घ्यायचा, कंट्रोल-शिफ्ट-एन. छाप मूळ फोटोपासून अलग राहतो, नंतर सरकवता येतो, फिका करता येतो, नको झाला तर काढता येतो. आजोबांच्या एकुलत्या एका फोटोवर थेट ब्रश मारणं मुळातच धोक्याचं. नवा लेयरही फोटोच्या खाली गेलेला असू शकतो, म्हणून तो वर आहे ना तेवढं पाहून घ्या.

लाल निवडला, करडा उमटला

जुन्या अल्बमची स्क्रॅपबुक करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. स्कॅनरने कृष्णधवल फोटो 'ग्रेस्केल' पद्धतीत साठवलेला असतो. त्या फाइलमध्ये कुंकवाचा लाल मारा नाहीतर झेंडूचा केशरी, दोन्ही करडेच. इमेज, मोड, आरजीबी कलर एवढं केलं, की फोटो कृष्णधवलच राहतो आणि ब्रशला रंग मिळतो. 'इंडेक्स्ड कलर'मधल्या फाइलीवरही हाच उपाय. त्यात तर नवा लेयरही घेता येत नाही.

प्रत्येक ठशाला रंग वेगळाच येत असेल, तर ब्रश सेटिंग्जमधलं 'कलर डायनॅमिक्स' बंद करा. रंग बरोबर पण फिकट वाटत असेल, तर ओपॅसिटीबरोबरच लेयरचा ब्लेंडिंग मोडही पाहा. जुन्या पिवळट कागदावर शाईसारखा ठसा हवा असेल, तर तो मुद्दाम 'मल्टिप्लाय' करतात. गडद फोटोवर तोच मोड ठेवला, तर ठसा बुडून जातो.

कडा अस्पष्ट, काठ दातेरी

इथे थोडं गणित हवं. स्क्रॅपबुकचं नेहमीचं पान १२ बाय १२ इंच. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं होतं. ८ इंची पान घेतलं, तर २४०० बाय २४००. तुम्ही उतरवलेला फुलाचा ब्रश मुळात ४०० पिक्सेलचा असेल, तर त्या पानावर तो जेमतेम सव्वा-दीड इंचाचा ठसा देतो. त्यालाच ओढून २००० पिक्सेलचा केलात, तर कडा विरघळणारच. ब्रशचं मूळ माप परत आणायला माप बदलण्याच्या खिडकीत एक गोल बाण असतो, तो दाबा. त्याहून मोठा ठसा लागत असेल, तर मोठा ब्रश शोधा. हल्लीच्या फोटोशॉपमध्ये ब्रश जास्तीत जास्त ५००० पिक्सेलचा होतो.

काठ दातेरी दिसत असेल, तर ब्रशऐवजी पेन्सिल टूल हातात आहे का पाहा, दोन्ही एकाच बटणाखाली असतात. ठसा रवाळ, ठिपक्याठिपक्यांचा येत असेल, तर मोड 'डिझॉल्व्ह'वर गेला आहे. आणि काहीही ठरवण्याआधी कंट्रोल-१ दाबून पान १०० टक्क्यांवर पाहा. अधल्यामधल्या झूमला चांगला ठसाही खडबडीत दिसतो.

एका ठशाऐवजी रांग, सरळ ऐवजी वाकडा

शिक्क्यासारखा ब्रश असेल, तर एकदाच क्लिक करून सोडायचं, ओढायचं नाही. ओढलात, तर ठशांचा गुंता होतो, कारण ठशांमधलं अंतर, म्हणजे 'स्पेसिंग', बहुतेक वेळा २५ टक्क्यांच्या आसपास असतं. हाच गुण साडीच्या काठासाठी उपयोगी पडतो. कुयरीचा ब्रश घ्या, स्पेसिंग १०० टक्क्यांच्या थोडं वर न्या, एका टोकाला क्लिक करा, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करा. मधली सरळ किनार आपोआप भरते. किनार कोपऱ्यावर वळवायची असेल, तर 'शेप डायनॅमिक्स'मध्ये अँगलचा कंट्रोल 'डिरेक्शन' ठेवा.

ठसे आपोआप लहान-मोठे, वाकडे किंवा विखुरलेले येत असतील, तर 'शेप डायनॅमिक्स' आणि 'स्कॅटरिंग' यांच्या खुणा काढा. गिंपमध्ये टूल ऑप्शन्समधलं डायनॅमिक्स 'ऑफ' करा. आधीच्या ब्रशची सेटिंग नव्या ब्रशलाही चिकटून येत असेल, तर ब्रश सेटिंग्जमध्ये एखादं बारीक कुलूप बंद राहिलेलं असतं, तेही उघडा.

पेन टॅबलेटवर दाबानुसार रेघ जाड-बारीक होत नसेल, तर शेप डायनॅमिक्समध्ये साइझचा कंट्रोल 'पेन प्रेशर' आहे का बघा. तिथे उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला, तर संगणकाला पेन सापडलेलंच नाही. विंडोजवर टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये 'विंडोज इंक' चालू करून पाहा. गिंपमध्ये इनपुट डिव्हायसेसमध्ये पेनाचा मोड 'स्क्रीन' ठेवावा लागतो. रेघ हाताच्या मागे मागे येत असेल, तर वरच्या पट्टीतलं 'स्मूदिंग' कमी करा.

एवढं करूनही ब्रश ताळ्यावर आला नाही, तर वरच्या पट्टीत अगदी डावीकडे असलेल्या ब्रशच्या चित्रावर राइट क्लिक करून 'रीसेट टूल' निवडा. त्यानेही भागलं नाही, तर फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सगळी प्रेफरन्सेस पूर्ववत करता येतात. मात्र त्याआधी स्वतःचे ब्रश एक्स्पोर्ट करून ठेवा, नाहीतर तेही जाऊ शकतात.

घरच्या वस्तूंचे ब्रश

उतरवलेल्या ब्रशांमध्ये परदेशी फुलं आणि परदेशी टपालशिक्के भरपूर असतात. लालबागच्या घराच्या पानावर ते उपरे वाटतात. तुमच्या ट्रंकेत त्याहून चांगला माल आहे. पत्रिकेवरचा गणपती, आजीची सही, चाळीच्या कठड्याची लोखंडी नक्षी, पाकिटावरचा शिक्का. पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' लिहिलं असेल, तर पाकीट गिरगावचं, 'मुंबई २८' असेल, तर दादरचं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, म्हणून पत्रावर तो दिसला तर ते पत्र त्यानंतरचं. पानाखाली साल लिहिताना हे उपयोगी पडतं.

नक्षी दर इंचाला ६०० पिक्सेलने स्कॅन करा. दोन इंचांची नक्षी १२०० पिक्सेलची होते आणि छपाईत चार इंचांपर्यंत स्वच्छ उतरते. फोनने फोटो काढला असेल, तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग फाइल ग्रेस्केल करा, कंट्रोल-एलने लेव्हल्स उघडा, पांढरा बाण डावीकडे आणि काळा उजवीकडे सरकवा. कागदाचा पिवळटपणा पुरता पांढरा झाला पाहिजे. ठशाभोवती फिकट चौकोन दिसतो तो याच पायरीवर राहिलेल्या कसरीमुळे. करडा कागद म्हणजे छापाला सगळीकडे पडलेली बारीक भोकं.

अंगणातल्या रांगोळीचा फोटो घेतला, तर उलटीच गंमत होते. रांगोळी पांढरी, जमीन गडद. त्याचा ब्रश केला, की जमीन उमटते आणि रांगोळी कोरी राहते. कंट्रोल-आय दाबून चित्र उलटं करा, मग पुढे जा. शेवटी नक्षीभोवती सिलेक्शन घेऊन एडिट, 'डिफाइन ब्रश प्रीसेट'. हा पर्याय पुसट दिसत असेल, तर निवडलेला भाग फार मोठा आहे का किंवा लेयर लपलेला आहे का ते तपासा. फोटोपीमध्ये हेच एडिट मेन्यूतल्या 'डिफाइन न्यू'खाली आहे. गिंपमध्ये चित्र 'जीबीआर' म्हणून एक्स्पोर्ट करा, ग्रेस्केल ठेवलंत तर ब्रश फोरग्राउंडचा रंग घेईल.

आडनावाचा किंवा चाळीच्या नावाचा ब्रश करताना देवनागरीची जोडाक्षरं फुटली आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेली, तर दोष फॉन्टला देऊ नका. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप'खाली 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय असेल, तर तो निवडा, त्याहून जुन्या आवृत्तीत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन'. मग प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्ता, बलू, मोदक हे युनिकोड फॉन्ट फुकट आणि मोकळ्या परवान्याचे आहेत, त्यांच्यावर प्रयोग करता येतो.

छापायला देण्याआधी

छपाईवाल्याला फाइल देताना दर इंची पिक्सेल, कडेची जादा जागा (साधारण ३ मिलिमीटर) आणि रंगपद्धत विचारून घ्या. आरजीबीतला झळझळीत केशरी सीएमवायकेत मंद होतो. कंट्रोल-वाय दाबून पडद्यावर त्याचा अंदाज आधीच घेता येतो. ठसा पानाच्या कडेला अर्धा कापलेला हवा असेल, तर तो जादा जागेतही पसरू द्या.

उतरवलेल्या ब्रशचा परवानाही वाचा. 'फक्त खाजगी वापरासाठी' असं लिहिलेलं असेल, तर तो घरच्या अल्बमला चालतो, मंडळाच्या जाहिराती घेतलेल्या स्मरणिकेला नाही. लालबागच्या गणेश गल्लीचं गणेशोत्सव मंडळ १९२८ सालचं. अशी मंडळं शंभरीकडे येत आहेत आणि त्यांच्या स्मरणिकांची पानं घरच्या संगणकावर मांडणाऱ्यांनी ही काळजी आत्ताच घेतलेली बरी. स्वतः स्कॅन केलेल्या रांगोळीला किंवा कठड्याच्या नक्षीला असा अडसर नाही.

तयार झालेले ब्रश निवडून पॅनेलच्या मेन्यूतून एक्स्पोर्ट केले, की सगळे एका एबीआर फाइलमध्ये मावतात. चाळ रिकामी झाल्यावर एक काका डोंबिवलीला, एक बहीण न्यू जर्सीला अशी माणसं पांगतात. ती फाइल प्रत्येकाला पाठवा. सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि कुठला ब्रश कशावरून केला, ती वस्तू कुणाची, अंदाजे कोणत्या सालची, एवढं तीत लिहा. आपापल्या घरचे फोटो ज्याच्या त्याच्याकडे असतातच. पानं प्रत्येकाने आपापली करावीत, पण सगळ्यांच्या पानांवर काठ एकाच ट्रंकेतला असावा.